दावा दुचाकीस्वाराचा, पण टेम्पोमालकाची खरी लढत विमा कंपनीशी

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका टेम्पोमालकाचा आहे. मार्च २०२४ मध्ये त्यांचा छोटा मालवाहू टेम्पो गोदामाकडे वळण्यासाठी रस्त्यात थांबला आणि मागून दुचाकी येऊन आदळली. दुचाकीस्वार ३४ वर्षांचा इलेक्ट्रिशियन, डाव्या पायाला ४५ टक्के अपंगत्वाचा दाखला. जानेवारी २०२५ मध्ये त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ३८ लाखांचा अर्ज केला. टेम्पोचा विमा चालू होता. तरी विमा कंपनीने कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) लिहिलंय की चालकाकडे नुसतं एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स होतं, ट्रान्सपोर्टचा (व्यावसायिक वाहनाचा) शेरा नव्हता, परमिट नव्हतं, फिटनेसची (वाहन रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याच्या प्रमाणपत्राची) मुदत संपली होती, म्हणून आमची जबाबदारी नाही. मालक विचारतात की सहा महिन्यांनंतर आलेला हा दावा फेटाळला जाईल का, आणि नाही तर ३८ लाख मला भरावे लागतील का? शिवाय कंपनीच्या वकिलांनी फोनवर सांगितलंय, 'तुम्ही आला नाहीत तरी चालेल, आम्ही बघून घेतो.'

सुरुवात त्या फोनपासूनच करतो, कारण या प्रकरणातला सर्वात महाग सल्ला तोच आहे. अर्जदाराविरुद्ध तुम्ही आणि विमा कंपनी एका बाजूला दिसता, पण लायसन्स, परमिट आणि फिटनेस या तीन मुद्द्यांवर कंपनी तुमच्या समोर उभी आहे. ते मुद्दे सिद्ध झाले तर न्यायाधिकरण बहुधा 'पे अँड रिकव्हर'चा हुकूम करतं, म्हणजे कंपनीने आधी अर्जदाराला पैसे द्यायचे आणि मग तुमच्याकडून वसूल करायचे. त्यासाठी कंपनीला वेगळा दिवाणी दावाही लावावा लागत नाही. त्याच न्यायाधिकरणात दरखास्त (हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खालच्या दाखल्यावर जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात. शेती नावावर असेल तर याचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. म्हणून 'दावा किती मंजूर होईल' यापेक्षा 'शेवटी भरणार कोण' हा तुमचा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुम्ही हजर राहून पुरावा देता की नाही यावर ठरतं. तुम्ही गैरहजर राहिलात तर तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होईल, कंपनी कलम १७० खाली परवानगी घेऊन सगळ्या मुद्द्यांवर लढेल, आणि तुमच्याविरुद्ध तिने केलेल्या विधानांना खोडणारा कागद फाइलमध्ये नसेल. तेव्हा स्वतःचा स्वतंत्र वकील द्या. कंपनीच्या वकिलाचं वकीलपत्र कंपनीचं आहे, तुमचं नाही.

आता मुदतीचा मुद्दा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १६६(३) आलं. ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं आणि त्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तुमचा अपघात त्यानंतरचा आणि दावा दहा महिन्यांनी, म्हणजे कागदावर मुद्दा बरोबर आहे. पण या कलमाच्या वैधतेलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, आणि ६ नोव्हेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने न्यायाधिकरणांना व उच्च न्यायालयांना केवळ या मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका असं सांगितलं आहे. त्यामुळे कैफियतीत हरकत एका परिच्छेदात नोंदवून ठेवा, म्हणजे उद्या अंतिम निकाल वेगळा लागला तर 'हा मुद्दा घेतलाच नव्हता' असं कुणी म्हणणार नाही. युक्तिवादाच्या दिवशी त्या प्रकरणाची ताजी स्थिती वकिलांना पाहायला सांगा. मात्र सगळा बचाव यावर उभा करू नका. मुदतीच्या भरवशावर बसून साक्षीदारच आणला नाही, अशी प्रकरणं बरीच दिसतात आणि बहुतेक वाईट संपतात.

लायसन्सच्या बाबतीत तुमची बाजू आज जितकी भक्कम आहे तितकी दहा वर्षांपूर्वी नव्हती. एलएमव्ही लायसन्सवर मालवाहू टेम्पो चालवता येतो का, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने येतो म्हटलं, त्यावर पुन्हा शंका घेतली गेली, आणि शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रंभादेवी निकालात विषय मिटवला. एलएमव्ही लायसन्सधारकाला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू किंवा प्रवासी वाहन ट्रान्सपोर्टच्या वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येतं. ई-रिक्षा आणि धोकादायक माल नेणारी वाहनं यांच्यासाठी वेगळ्या अटी कायम आहेत. तुमचा टेम्पो यात कुठेच अडकत नाही. तरीही कंपनीच्या कैफियतीत ही ओळ आली, कारण कैफियतींचा साचा जुना असतो आणि कोणी तो बदलत नाही. साच्याला उत्तर मात्र पुराव्यानेच द्यावं लागतं. आरसी बुकातला 'जीव्हीडब्ल्यू'चा, म्हणजे मालासह एकूण वजनाचा आकडा आणि चालकाचं लायसन्स हे दोन कागद निशाणी पडले, म्हणजे पुरावा म्हणून नोंदले गेले, की हा मुद्दा संपतो. लायसन्सवर पूर्वी ट्रान्सपोर्टचा शेरा होता आणि फक्त त्याची मुदत गेली, एलएमव्हीची चालू होती, असं निघालं तरी माझ्या मते या निकालानंतर कंपनीच्या हाती फारसं काही उरत नाही.

पण लायसन्समध्ये खोट तीन प्रकारची असू शकते आणि प्रत्येकीचं गणित वेगळं आहे. चुकीचा वर्ग हा झाला पहिला प्रकार. दुसरा प्रकार बनावट लायसन्सचा. इथे २००४ चा स्वर्णसिंग निकाल अजून पाया आहे: लायसन्स खोटं होतं एवढं दाखवून कंपनी सुटत नाही, मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली हे तिने सिद्ध करायचं असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केलं. चालक ठेवताना मालकाने लायसन्स पाहिलं, ते वरकरणी खरं दिसलं आणि माणसाला गाडी चालवता येते याची खात्री केली, तर प्रत्येक लायसन्स आरटीओकडे जाऊन पडताळणं त्याच्याकडून अपेक्षित नाही. तिसरा प्रकार मुदत संपलेल्या लायसन्सचा, आणि त्यात मालकाला सूट कमी मिळते. २०२० च्या एका निकालात चालकाने तीन वर्षं नूतनीकरण केलं नव्हतं आणि मालकाने बघितलंही नव्हतं, म्हणून भार मालकावर गेला. तारीख लायसन्सवर छापलेली असते, ती वाचणं मालकाचं काम. मुदतीनंतरच्या ३० दिवसांच्या सवलतीवरही विसंबू नका, २०१९ च्या दुरुस्तीने ती तरतूद काढली आहे.

परमिटचा आक्षेप गंभीर वाटतो आणि मोठ्या वाहनांत तो खरोखर गंभीर असतोच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमिट नसणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग मानून वसुलीचा हुकूम कायम केला होता. पण कलम ६६(३)(आय) पाहा. ज्या मालवाहू वाहनाचं एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, त्याला परमिटच लागत नाही. छोटा हत्ती म्हणून जे टेम्पो ओळखले जातात ते यात सहज बसतात. जे घ्यावं लागतच नाही ते नव्हतं, हा बचाव होऊ शकत नाही. पुन्हा तेच आरसी बुक, तोच आकडा. वाहन जर ३,००० च्या वरचं पिकअप असेल तर उत्तर बदलेल. परमिट आहे पण मार्ग सोडून गाडी गेली, एवढाच प्रकार असेल तर ऑक्टोबर २०२५ च्या निकालात न्यायालयाने अर्जदाराचे पैसे अडवले नाहीत, पण कंपनीचा वसुलीचा हक्कही शाबूत ठेवला. म्हणजे मालकाला त्यातून दिलासा मिळाला नाही.

फिटनेस हा तुमचा नाजूक भाग आहे. कलम ५६ प्रमाणे फिटनेस नसेल तर मालवाहू वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही, आणि कंपनी त्या टोकाला धरून ताणते. तुमचं उत्तर असं की कलम १५०(२) मध्ये कंपनीला जे बचाव मोजून दिले आहेत त्यात फिटनेसची गैरहजेरी नाही, आणि अपघात गाडीच्या कुठल्या बिघाडामुळे झालेला नाही. दुसऱ्या भागासाठी कागद तयार असतो. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासून अहवाल देतात, त्यात ब्रेक, दिवे आणि इंडिकेटर चालू होते का ते लिहिलेलं असतं. तो पोलीस कागदपत्रांतून मागवा. फिटनेसवर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी दोन्ही बाजूंनी निकाल दिले आहेत, म्हणून इथे हमी देत नाही. मुदत अपघाताच्या आधी नेमकी किती दिवस संपली होती आणि नंतर लगेच पासिंग झालं का, यावर न्यायाधीशांचा कल बराच अवलंबून असतो.

आता चूक कुणाची. 'मागून धडकला, म्हणजे चूक त्याचीच' हे गृहीत धरू नका. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कोइमतूरचं प्रकरण होतं. हायवेवर पुढची कार अचानक थांबली, मागची दुचाकी तिच्यावर आदळली आणि पडलेल्या दुचाकीस्वार विद्यार्थ्यावरून बस गेली. बरोबरच्या गरोदर पत्नीला मळमळलं म्हणून ब्रेक मारला, हे कारचालकाचं स्पष्टीकरण न्यायालयाने मानलं नाही. जबाबदारी कारवर ५० टक्के, बसवर ३० टक्के आणि दुचाकीस्वारावर, पुरेसं अंतर ठेवलं नाही आणि वैध लायसन्स नव्हतं म्हणून, २० टक्के अशी वाटली गेली. तुमचा टेम्पो वळण्यासाठी रस्त्यात थांबला होता. इंडिकेटर दिला होता का, किती आधी दिला, गाडी डांबरावर होती की साइडपट्टीवर, हे प्रश्न उलटतपासणीत येणारच. त्यांची उत्तरं देऊ शकेल असा माणूस एकच, तुमचा चालक. घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा काळजीपूर्वक वाचा. काचांचे तुकडे कुठे पडले, टायरचे व्रण किती लांब आहेत, रस्त्याची रुंदी किती, यांतून जे निघतं ते तोंडी साक्षीपेक्षा टिकतं.

चालक नोकरी सोडून गेला असेल तर आजच शोधा. दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी पत्ता सापडत नाही आणि मग मालक स्वतःच पिंजऱ्यात उभा राहतो, ज्याने अपघात पाहिलेलाच नसतो. त्याच चालकावर दंडाधिकाऱ्यांपुढे फौजदारी खटला असेल, तुमच्या तारखेचा अपघात म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेखाली. तिथे 'गुन्हा कबूल कर, दंड भर, सुटलास' असं सुचवलं जातं. ती कबुली न्यायाधिकरणात निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून समोर येते. चालकाला त्या खटल्यात स्वतंत्र सल्ला मिळू द्या, पण दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या जाणार नाहीत एवढं पाहा. उलट, तो निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप पडत नाही. न्यायाधिकरणात शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच पाहिलं जातं. एप्रिल २०२२ च्या नियमांप्रमाणे चालकाने फॉर्म ३ आणि मालकाने फॉर्म ४ पोलिसांकडे देणं अपेक्षित असतं. तुम्ही दिला असेल तर त्याची प्रत काढा आणि कैफियत त्याच्याशी जुळवून घ्या.

सीसीटीव्ही किंवा डॅशकॅमचं चित्रीकरण हाती असेल तर नुसता पेन ड्राइव्ह देऊन भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा). ते नसेल तर आक्षेप येतो आणि चांगला पुरावा कोपऱ्यात पडून राहतो.

बचावात काय घालू नये, तेही सांगतो. दुचाकीस्वाराने हेल्मेट घातलं नव्हतं, हा मुद्दा पायाच्या दुखापतीत काही उपयोगाचा नाही. तो डबलसीट की ट्रिपलसीट होता, हेही अपघाताशी कारण म्हणून जोडता आलं नाही तर निरर्थक आहे, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलंय. 'त्याला मेडिक्लेमचे पैसे मिळाले, ते वजा करा' हा आवडता मुद्दा महाराष्ट्रात आता संपला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये अशी वजावट करता येत नाही असा निकाल दिला आहे. असे मुद्दे कैफियतीत कोंबले की कामाचे मुद्दे झाकले जातात.

रकमेकडे वळू. ३८ लाख हा मागणीचा आकडा आहे, त्याला फार घाबरू नका, पण तो कुठे कापला जातो ते समजून घ्या. सोयीसाठी धरा की उत्पन्नाचा पक्का पुरावा नाही आणि न्यायाधिकरणाने महिना १५,००० धरले. स्वतंत्र व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की २१,००० होतात, वर्षाचे २,५२,०००. वय ३४ ला सरला वर्मा निकालातला गुणक (वार्षिक उत्पन्नाला वयानुसार गुणायचा आकडा) १६, म्हणजे ४०,३२,०००. आता दाखल्यावरचे ४५ टक्के जसेच्या तसे लावले तर १८,१४,४०० येतात. पण दाखला एका पायाचा आहे, पूर्ण शरीराचा नाही, आणि २०१० पासून कायदा असा आहे की पाहायची ती कमाईची क्षमता किती गेली हे. ती २५ टक्के ठरली तर आकडा १०,०८,००० होतो. आठ लाखांचा फरक डॉक्टरच्या उलटतपासणीतल्या पाच-सहा प्रश्नांवर अवलंबून आहे. टक्के अवयवाचे की शरीराचे, तुम्ही स्वतः उपचार केले की फक्त दाखला दिला, गुडघा किती अंशांत वाकतो, आधाराशिवाय चालता येतं का, पुढची शस्त्रक्रिया लागेल का. इथे सावध राहायला हवं, कारण इलेक्ट्रिशियनला शिडीवर चढावं लागतं. कामाचा प्रश्न नीट न विचारता सोडला तर कमाईची हानी दाखल्यापेक्षा जास्तही धरली जाऊ शकते. औषधोपचार, वेदना, परिचारक यांच्या रकमा आणि व्याज वेगळं. आलेल्या एकूण रकमेतून अर्जदाराच्या चुकीचा जो वाटा ठरेल तो वजा होतो.

वयाचा वाद असेल तर आधार कार्डावर थांबू नका. ऑक्टोबर २०२४ च्या निकालानंतर जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला वरचढ ठरतो. ३५ आणि ३६ वर्षांमध्ये गुणक १६ चा १५ होतो, त्यामुळे एका वर्षालाही किंमत आहे.

तुमच्या पुढच्या काही आठवड्यांचं काम मला असं दिसतं. एकतर्फी हुकूम झाला असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज आणि सोबत कैफियत, दोन्ही एकाच तारखेला. कैफियतीत चालकाला कधी नेमलं, लायसन्स केव्हा पाहिलं, प्रत ठेवली का, चाचणी कशी घेतली हे तारखांसह, कारण जे लिहिलं नाही त्याचा पुरावा नंतर देता येत नाही. मग सरतपासणीचं (तुमच्या स्वतःच्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र, आरसी, विमा पॉलिसी, लायसन्सची प्रत आणि लायसन्स व गाडीच्या सरकारी नोंदी असलेल्या सारथी व वाहन पोर्टलवरचे उतारे. कंपनीने आरटीओचा साक्षीदार बोलावला तर त्याची उलटतपासणी तुमच्याच वकिलाने घ्यायची. साक्षीदार बोलावलाच नाही, तर कंपनीने तिचा भार पेलला नाही असा युक्तिवाद करायचा.

लोकअदालतीत तडजोड होऊ लागली तर तडजोडीची पुरशिस (न्यायाधिकरणात द्यायचं लेखी निवेदन) शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कंपनी अर्जदाराशी रक्कम ठरवते आणि खाली 'वसुलीचा हक्क राखून' असे तीन शब्द येतात. ते काढल्याशिवाय सही नको. कंपनी ऐकत नसेल तर तुम्ही तडजोडीत सामील नाही असं लेखी नोंदवा, म्हणजे लायसन्स-परमिटचा मुद्दा पुराव्यावर ठरेल.

आणि निकालात वसुलीचा हुकूम आलाच, तर निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. अपिलाला ९० दिवस आहेत, आणि ज्याला पैसे भरायचे आहेत त्याने २५,००० किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यातली जी कमी ती आधी भरल्याशिवाय अपील दाखल होत नाही. वादाची रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपीलच नाही. सांगलीची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्यांच्या भीतीने अपील सोडून देऊ नका.